दवाखान्यातल्या चुंबकाची तक्रार

मी एक जुना चुंबक आहे, मित्रांनो. घोड्याच्या नालेसारखा वाकलेला, अंगावरच्या लाल रंगाचे टवके उडालेला. एका कारखान्याच्या दवाखान्यात खिडकीपाशी पडून आहे. आज माझे डोके फिरले आहे, तेव्हा बोलणे तिखट लागले तर सांभाळून घ्या.

आमचे मूळपुरुष म्हणजे लोखंड ओढणारे काळे दगड. माणसांनी त्यांच्यावर सुई घासली आणि त्या सुईने भर समुद्रात उत्तर दिशा दाखवली. पुढे पोलादाचे चुंबक आले, पण ते लवकर ढेपाळत. मग लोखंडात ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट वितळवून नवा धातू केला. त्याच कुळात मी जन्मलो. साच्यातून निघालो तेव्हा साधी टाचणीही मला उचलवत नव्हती. तारेच्या वेटोळ्यात ठेवून माझ्याभोवती क्षणभर जोराची वीज खेळवली, आणि मी चुंबक झालो.

इथे मला सिस्टरनी आणले. लेथवर लोखंड कातताना बारीक कण उडतात आणि कधी डोळ्यात जातात. माझ्या एका टोकाला निमुळती लोखंडी टोपी बसवून सिस्टर मला डोळ्याजवळ नेत. "वर बघा, पापणी मिटू नका," म्हणत. टिक् असा आवाज होई आणि कण माझ्या टोकाला चिकटे. नंतर त्या माझ्या दोन्ही टोकांवर एक लोखंडी पट्टी आडवी लावत. "हे याचं पथ्य आहे," असे सर्वांना बजावत. पट्टीशिवाय आमच्या जातीचा जोर हळूहळू ओसरतो.

सिस्टर निवृत्त झाल्या. जाताना त्यांनी कंपाउंडरला हे सारे समजावले. तो "हो हो" म्हणाला आणि आठवड्याभरात पट्टी डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेली. हातोडी सापडेना म्हणून त्याने माझ्यानेच भिंतीत खिळे ठोकले. प्रत्येक ठोक्याला माझे बळ झडत होते. सांगणार कुणाला? मला तोंड कुठे आहे?

मग एके दुपारी लेथवरच्या ताईंना त्यांचा थोरला भाऊ हाताला धरून घेऊन आला. घाम पुसायला त्यांनी क्षणभर चष्मा वर केला होता, तेवढ्यात कण गेला. कंपाउंडरने मला जवळ नेले. मी होते नव्हते ते बळ एकवटले. कण जागचा हलला, पण निघेना.

"हा चुंबक मेलेला दिसतो," कंपाउंडर म्हणाला.

"मागच्या वर्षी यानंच माझा कण काढला होता," ताई डोळा झाकत म्हणाल्या. "तुम्ही याच्यानं खिळे ठोकलेत, कंपाउंडरभाऊ. मी पाहिलंय."

थोरल्या भावाने ताईंना रिक्षात घातले. मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी कण काढला आणि डोळा वाचला, पण बुबुळावर डाग राहिला. मापाच्या बारीक रेघा ताईंना आता दिसत नाहीत. लेथ सुटला. सतरा वर्षांचा कसलेला हात सध्या खोकी बांधतो.

कंपाउंडर मनातून खजील झाला, हे मी नाकारत नाही. त्याने धावपळ करून नवा चुंबक मिळवला. निओडिमियम नावाच्या धातूचा, अंगठ्याएवढा, पण माझ्या दसपट ताकदीचा. मला वाटले, चला, कुणाचा तरी डोळा आता वाचेल.

आज ताई डोळ्यात थेंब घालून घ्यायला आल्या. कंपाउंडरने गॅसवरचे पातेले अभिमानाने दाखवले. "आता हयगय नाही, ताई. चिमटे, कात्री, चुंबक, सगळं रोज वीस मिनिटं उकळतो."

"बरं करता," ताई म्हणाल्या.

बरे कसले! त्या जातीच्या साध्या चुंबकाला उकळते पाणी सोसत नाही. पहिल्या उकळीतच त्याचा बराच जोर गेला. पहिल्या दिवशी आत जाताना तो कात्रीला घट्ट चिकटला होता, आज पाण्यातून एकटाच निघाला. कुणाच्या लक्षातही आले नाही.

मित्रांनो, नुसते घासूनपुसून ठेवले की काळजी घेतली असे होत नाही. कुणाला काय सोसत नाही, हे आधी विचारावे लागते. तुमच्यापैकी कुणी या दवाखान्यात आलात, तर त्या पातेल्याखालचा गॅस आधी बंद करा. नमस्कार मग करा.