भिंगावरची तुपकट बोटं

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे. तीन पायांवर उभी राहणारी, एकाच डोळ्याने बघायची. सध्या जुन्या वस्तूंच्या दुकानात एका फुटक्या किटलीशेजारी पडून आहे. इथे कशी आले ते ऐका, म्हणजे निदान तुम्ही तरी शहाणे व्हाल.

हिल्डा आणि क्लिफर्डने मला लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात घेतलं. इंग्लंडातल्या यॉर्कशरच्या उघड्या माळावरच्या धरणापाशी मी त्यांना किती पक्षी दाखवले! शेजारचे लोक वाकून बघायचे आणि माझ्या भिंगाचं कौतुक करायचे. तेव्हा मला पुसायला मऊ फडकं होतं. ते कधीतरी हरवलं, आणि क्लिफर्ड मला स्वेटरच्या बाहीने पुसू लागला. मी कपाळाला हात लावला असता, पण हात कुठून आणू?

यंदा हिल्डाची नजर मंदावत चालली होती. ऑगस्ट संपता संपता आफ्रिकेकडे निघालेला कैकर, म्हणजे मासे खाणारा मोठा शिकारी पक्षी, मासे पकडायला धरणावर थांबतो. त्याच्या डोळ्यावरचा काळा पट्टा या वेळी दिसला नाही तर पक्षी बघणं कायमचं सोडायचं, असं तिने घरीच सांगून टाकलं होतं.

त्या सकाळी माळ जांभळ्या फुलांनी भरला होता आणि धरणाचं पाणी खूप खाली गेलं होतं. चिखलातल्या एका चिमुकल्या तुतवार पक्ष्याकडे क्लिफर्ड तासभर बघत बसला. हिल्डा भीतीने माझ्याजवळ येतच नव्हती. मग क्लिफर्डने लोण्याने माखलेला सॉसेज रोल खाल्ला, बोटं स्वेटरला पुसली, आणि भुरभुर पाऊस आला म्हणून त्याच बाहीने माझं भिंग पुसलं. झालं. माझ्या डोळ्यावर लोण्याचा पडदा आला.

आणि नेमका तेव्हाच कैकर आला. पलीकडच्या कुंपणाच्या खांबावर मासा घेऊन बसला. क्लिफर्डने मला तिकडे वळवलं आणि तो बाजूला झाला.

"तू बघ आधी."

"नको, तू बघ. तू शोधलास ना."

"अगं, तूच बघ."

एवढा मोठा पक्षी समोर बसलेला, आणि यांचा शिष्टाचार संपेना. शेवटी हिल्डा वाकली. तिला नुसता दह्यासारखा पांढरा गोळा दिसला.

"दिसला?" क्लिफर्डने विचारलं.

"दिसला की. छान आहे," ती म्हणाली. त्याची सकाळ कशाला बिघडवायची?

मग तो वाकला. त्यालाही गोळाच दिसला. पण बायकोला दिसलं आणि आपल्याला नाही, हे कसं कबूल करायचं?

"वा," तो म्हणाला. "पट्टा तर किती स्पष्ट दिसतोय."

हिल्डाने थर्मासचं झाकण घट्ट लावलं. कैकर उडून गेला. गाडीत बसल्यावर ती एवढंच म्हणाली, "दुर्बीण देऊन टाकू या."

तिचे डोळे अजून पुष्कळ बघू शकत होते, मित्रांनो. आड आलं होतं ते लोणी, आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं.

म्हणून हात जोडून सांगते, हात आहेत असं समजा. भिंग स्वच्छ फडक्याने पुसत जा. आणि दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा. त्या दोघांपैकी एकाने जरी तसं म्हटलं असतं, तर दुसऱ्याने लगेच माझ्या भिंगाकडे बघितलं असतं.