छप्पन्न पांढरे ठोकळे

जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून देणं हा माझा धंदा. पाण्याचा पंप असो, मिक्सर असो की छताचा पंखा, जे फिरायचं थांबलं ते माझ्या टेबलावर येतं आणि फिरत परत जातं. अशा माणसाला त्याच्याच पोरीने न फिरणारी पवनचक्की बांधायला बसवावं, याला काय म्हणावं?

पोरीला मी भिंगरी म्हणतो. अकरा वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी तिची आई आणि मी वेगळे झालो, आणि त्या दोघी दुसऱ्या शहरात राहायला गेल्या, बसने सात तास. सुट्टीत मी जाऊन येतो. एरवी आमची भेट रविवारी चार ते पाच, ठोकळे रचायच्या एका व्हिडिओ गेममध्ये. ती तिच्या टॅबवर, मी दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर, बोलायला दोघांच्या कानाला हेडफोन. तिथे झाडं चौकोनी, गाई चौकोनी, सूर्यसुद्धा चौकोनी. मी पुढे चालायला गेलो की आकाशाकडे बघतो आणि खाली बघायला गेलो की पाण्यात पडतो. पहिल्या रविवारचा अर्धा तास मी एका खड्ड्यात काढला.

"यात बेअरिंग कुठे बसवायचं?" पवनचक्की बांधायला घेतली तेव्हा मी विचारलं होतं.

"बाबा, ही फिरत नाही. शोभेची आहे."

"मग आत दळायचं काय?"

"आत काहीच नाही. एक शिडी आहे."

"अगं, पण ढग हलतायत. म्हणजे वारा असणार."

"वारा नाहीये. ढग नुसतेच हलतात," ती म्हणाली. डोक्याचा पार भुगा झाला.

पाचव्या आठवड्यात तिच्या आईचा फोन आला. "हिला पोहायच्या क्लासला घालायचंय. रविवारी चारची बॅच मिळतेय. ही म्हणते, आधी पवनचक्की होऊ दे. अजून किती राहिलंय तुझं?"

पवनचक्की झाली की रविवार संपला, असा त्याचा सरळ अर्थ होता. पण भिंगरीला पाण्याचं वेड लहानपणापासून. बादलीत बसवली तरी बाहेर यायची नाही. तिला पोहायला जायचं असणार आणि बापाचं मन राखायला बिचारी थांबली असणार. मी कशाला तिच्या वाटेत आडवा येऊ?

"होईल लवकर," मी म्हणालो. वीस वर्षांत गिऱ्हाईकाला दिलेली तारीख मी एकदाही चुकवलेली नाही.

बुरूज उभा होता, पाती तेवढी राहिली होती. मग मी रोज जेवणाच्या सुट्टीत, डबा एका हाताने खात, एकट्यानेच काम उरकायला लागलो. चार पाती, प्रत्येकाला लोकरीचे चौदा पांढरे ठोकळे, एकूण छप्पन्न. मंगळवारी सगळे लावून झाले, शेवटी बुरुजाच्या माथ्यावरच्या टोपीचा एक ठोकळा तेवढा तिच्या हातून बसावा म्हणून ठेवला. गुरुवारी सहज डोकावलो तर पांढरे ठोकळे एक्कावन्न.

मी पुन्हा मोजले. एक्कावन्नच. चुकलो असेन म्हणून पाच लावले. शनिवारी बघतो तर एकोणपन्नास. ये रे माझ्या मागल्या! बुरुजाला धक्का नाही, शिडी जागच्या जागी, आणि पाती मात्र उंदराने कुरतडल्यासारखी. आता मोजण्यात माझा हात कुणी धरणार नाही. तारेचा एक वेढा चुकला तर मोटार जळते, आणि माझी अजून जळलेली नाही.

रविवारी मी भिंगरीला म्हणालो, "ठोकळे कमी होतायत गं."

"हो का?" ती म्हणाली. "तूच मोजायला चुकला असशील."

हे मला! मी तिच्यासमोर मोठ्याने मोजून दाखवले आणि कमी पडलेले सात लावायला घेतले.

"पुढच्या रविवारी लाव ना," ती म्हणाली.

"पुढच्या कशाला? आत्ता होतंय की." आणि लावलेच मी ते. "चल, आता टोपीचा तेवढा तू बसव, म्हणजे झालं."

"आई हाक मारतेय," असं म्हणून ती पावणेपाचलाच गेली. हेडफोनवर मला त्यांच्या घरातलं घड्याळसुद्धा ऐकू येतं. हाक काही ऐकू आली नव्हती.

सोमवारी ठोकळे चाळीस. एकदम सोळा गायब. मग मात्र मी शेजारच्या दुकानातल्या मोबाईलवाल्या बाईंना बोलावून आणलं.

"वाऱ्याने उडत असतील का हो?"

"वारा नसतो यात," त्यांनी पडद्याकडे बघितलं. "तुमच्या या जगात अजून कोण येतं?"

"कोणी नाही. मी आणि माझी मुलगी."

"मग सापडला की चोर."

"अहो, मी नाही काढले!"

"तुम्ही नाहीच काढले," बाई हसल्या. "ही चक्की झाली की काय होणार आहे?"

"काही नाही. रविवारी ती पोहायला जाईल."

मग "बघा बुवा," म्हणून बाई आपल्या दुकानात गेल्या. मला काही उलगडा झाला नाही. दुपारी एका पंख्याला तार गुंडाळत होतो. एकशे दहा, एकशे अकरा, आणि पुढचा आकडाच आठवेना. वीस वर्षांत पहिल्यांदा माझा हात मधेच थांबला. ती काढत होती. मी लावत होतो आणि ती काढत होती. माझ्यासारखा गाढव मीच. मला रडूही आलं आणि हसूही, आणि ती कॉइल मला पहिल्यापासून करावी लागली.

त्या आठवड्यात मी पवनचक्कीला हात लावला नाही. रविवारी चारला भिंगरी आली. पण बुरुजापासून लांबच उभी राहिली.

"भिंगरे, मोठी चूक झालीय," मी म्हणालो.

"काय?" तिचा आवाज अगदी बारीक.

"ढग बघ. कायम तिकडून इकडे येतात. म्हणजे वारा तिकडचा. आपल्या पात्यांचं तोंड भलतीकडेच. सगळं उतरवावं लागणार."

वारा नसतोच बाबा, असं ती म्हणेल म्हणून मी श्वास रोखून बसलो.

"चारही पाती?" तिने विचारलं.

"चारही. आणि बुरूजही वळवावा लागेल. पार पायापासून."

"मग आईला काय सांगू? कधी होईल?"

"सांग, बाबा म्हणतो, पोहायला शनिवारची बॅच बघ. इथलं काम लांबलंय, तारीख देता येत नाही."

मग ती शिडीवरून भराभर वर चढली, पात्याच्या टोकाचा पांढरा ठोकळा फोडला आणि मला ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाली, "एक."