वरच्या मजल्यावरचा कंट्रोल

"बाबांना फार एकटं सोडू नकोस गं," मागच्या खेपेला समोरच्या विमलाकाकू दारात येऊन म्हणाल्या होत्या, तेव्हा शीतल जिन्यात उकिडवी बसून आपल्या लहानग्या ओजसच्या पायात बूट घालत होती. "तुझी आई गेल्यापासून घरातून आवाज म्हणून येत नाही."

"आवाज नाही? काकू, अख्खी आगगाडी धावते घरात," ती हसून म्हणाली होती आणि बुटाची पट्टी खेचून चिकटवली होती.

आता बाबांच्या दारात ती ओजसला कडेवर घेऊन उभी होती. मुलुंडहून चारकोपपर्यंतच्या रिक्षांनी अंग आंबलं होतं, खांद्यावरच्या पिशवीत बाबांसाठी मेथीचे ठेपले होते. आणि बाबांनी तिच्याकडे न पाहता फक्त तळहात वर केला. थांब.

त्यांच्या कानाला जुना काळा टेलिफोन होता. डायलवाला.

"कंट्रोल, मी सावरखेडा. पॅसेंजर तयार आहे. लाइन मिळंल का?"

"सावरखेडा, थांबा जरा," रिसीव्हरमधून मुलीचा आवाज शीतललाही स्पष्ट ऐकू आला. "मालगाडी अजून कुंभारीला पोचायचीय."

"बरं बाई. थांबतो."

आणि बाबा थांबले. न्हाणीघरात तिला जरा वेळ लागला की दार बडवणारे, शाळेच्या सहलीची बस चुकेल म्हणून तिला अर्ध्या वेणीनिशी ओढत नेणारे कुंडलिक इंगोले, रिसीव्हर कानाला लावून, चष्मा कपाळावर ढकलून, निमूट थांबले. शीतलने पिशवी जमिनीवर जरा जोरातच ठेवली.

हॉलच्या दोन भिंतींना लागून कमरेइतक्या उंचीवर प्लायवूडच्या फळ्या होत्या. त्यांवर बोटभर उंचीचं गाव. बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखाली सावरखेड्याचं स्टेशन, पुढे थर्माकोलचा डोंगर, नारळाच्या शेंडीची बाभळीची झाडं, चाळलेल्या रेतीवर बसवलेले रूळ. रूळ भिंतीतल्या भोकातून आतल्या खोलीत जात, तिथे कुंभारी. हिंगोलीकडच्या आपल्या गावावरून जाणारी छोटी गाडी बाबांनी लहानपणी पाहिली होती, ती ही. टेलिफोन खात्यात जन्म काढलेला माणूस, त्यामुळे वायरिंग सगळं घरचं. आई गेल्यावर त्यांनी पहिली फळी आणली, तेव्हा शीतलला हायसं वाटलं होतं. माणूस कशात तरी गुंतला म्हणजे बरं.

वरच्या मजल्यावरची ऋतिका त्यात गुंतेल, हे मात्र तिच्या हिशोबात नव्हतं.

ऋतिका घरूनच कुठल्याशा कंपनीचं काम करायची. पार्सल चुकून खाली आलं म्हणून ती न्यायला आली, आणि गाडी बघत बसली. मग बाबांनी माळ्यावरचे दोन जुने टेलिफोन काढले. एक हॉलमध्ये ठेवला, दुसरा तिच्या घरी, मध्ये स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर चढवलेली वायर. ती झाली कंट्रोल. तिने हो म्हटल्याशिवाय हॉलमधली गाडी हलायची नाही. खऱ्या रेल्वेत असंच असतं, बाबा सांगायचे. स्टेशनमास्तर कितीही मोठा असो, कंट्रोलपुढे मान खाली.

मालगाडी कुंभारीला पोचली, पॅसेंजर सुटली. रिसीव्हर खाली ठेवून बाबा वळले तेव्हा त्यांचा चेहरा उजळलेला होता. तो उजेड आपल्यासाठी नाही, हे शीतलला कळलं.

"आलीस व्हय! आण लेकराला इकडं."

तेवढ्यात ऋतिका जिना उतरून आलीच. पायात घरातल्या चपला, केस पेन्सिलीने अडकवलेले.

"ताई! कधी आलात? काका, कुंभारीचा रुळांचा सांधा बघू का आज? गाडी तिथे अडखळते, मला वर फोनवरसुद्धा ऐकू येतं."

"बघ की. शेगडीशेजारी ठेवलंय बघ."

शेगडीशेजारी डाग देऊन वायरी जोडायचं, पिवळ्या मुठीचं सोल्डरिंग आयर्न तापत होतं. ऋतिकाने ते सराईतपणे उचललं, टोक ओल्या स्पंजवर पुसलं. चर्र झालं. शीतलचा हात नकळत स्वतःच्या दुसऱ्या हातावर गेला. याच मुठीकडे ती लहानपणी हात न्यायची आणि बाबा ओरडायचे, हात लावू नको, चटका बसंल! तिला कधी चटका बसला नाही. कधी काही जोडताही आलं नाही.

"मस्त बसला की गं सांधा," बाबा आतून म्हणाले. "तुझा हात माझ्यापेक्षा थिर हाय."

शीतल चहा टाकायला गेली. गाळणी जागेवर नव्हती.

"ताई, वरच्या कप्प्यात. आणि काकांच्यात साखर नको हं," ऋतिकाने आतूनच आवाज दिला.

"माहितीये मला."

"सॉरी. माहितीच असणार."

माहिती होतं. गाळणीचं नव्हतं. शीतलने आधणाकडे बघत चहा दोनदा उतू जाऊ दिला. बाहेर ओजस हसत होता. तिने वाकून पाहिलं तर तो ऋतिकाच्या मांडीवर होता, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून हॉलकडे गेलेल्या वायरीचा मोकळा झोळ त्याच्या मुठीत होता. तो ती तोंडाकडे नेत होता.

तिने तीन ढांगांत त्याला उचललं.

"बाबा, ही वायर काय अशी लोंबते? गळ्यात अडकली म्हणजे?"

"ताई, मी धरलंय त्याला," ऋतिका म्हणाली.

"तू रोज धरणारेस का?"

शीतलने ओजसला एका हातात घेतलं, दुसऱ्या हाताने टेलिफोनच्या मागची वायर खेचली. ती सहज निघून आली. इतकी सहज, की पुढे काय करावं ते तिला क्षणभर सुचेना. मग तिने वायर गुंडाळत गुंडाळत खिडकीपर्यंत नेली आणि बाहेर सोडून दिली.

बाबा बघत होते. ती वाट बघत होती, त्यांनी ओरडावं म्हणून. त्यांनी बटण फिरवून गाडी थांबवली.

"बरं," ते म्हणाले. "लेकराच्या जिवापेक्षा काय मोठं नाय."

ऋतिका निघाली तेव्हा शीतल तिच्या मागे जिन्यापर्यंत गेली.

"वाईट वाटून घेऊ नकोस हां. पण तुलाही तुझी कामं असतात ना. बाबांना जरा मोकळं राहू दे."

ऋतिकाने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. शीतलच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "बरं, ताई," म्हणाली आणि वर गेली.

घरी आल्यावर नवऱ्याने, सुबोधने विचारलं, "आज एवढी खूश?"

"कुठे काय," म्हणत तिने ओजसचे कपडे बदलले. पण त्या आठवड्यात बाबांचा फोन रोज यायला लागला, कधी दिवसातून दोनदा. लेकरानं काय खाल्लं, पाणी आलं का, असलं काहीबाही. ती खांद्याने फोन धरून पोळ्या लाटायची आणि मनात म्हणायची, बघ, आठवते ना मुलगी. गाडीबद्दल ते बोलत नव्हते. तिनेही विचारलं नाही.

मग एक दिवस फोन आला नाही. दुपारी ओजसला भरवता भरवता तिने स्वतः लावला. रिंग वाजून बंद झाली. पुन्हा लावला. सुबोध ऑफिसातून म्हणाला, "झोपले असतील यार, तू पण ना." विमलाकाकू लेकीकडे अमरावतीला गेल्या होत्या. शीतलने वरणभाताची वाटी बाजूला सरकवली. बाबांच्या सोसायटीच्या ग्रुपवर ऋतिकाचा नंबर शोधताना तिचं बोट दोनदा चुकीच्या नावावर पडलं.

"हां ताई, बोला."

"घरी आहेस?"

"नाही, मार्केटमध्ये. सेक्टर दोनला. का?"

"बाबा फोन उचलत नाहीयेत."

"सकाळी बोलले होते तुमच्याशी?"

"नाही. तुझ्याशी?"

"माझ्याशी कसे बोलतील? वायर नाही ना." ऋतिका चालायला लागली असावी, श्वास लागत होता. "ताई, गाड्या सुरू करायच्या आधी कंट्रोलने स्टेशनला विचारायचं असतं, सावरखेडा, बोला. काका उत्तर द्यायचे. दिवाळीनंतर एकदा त्यांना स्टेशनचं नावच आठवेना, काहीतरी भलतंच बोलायला लागले. मी धावत खाली गेले. शुगर उतरली होती, घामाने भिजले होते. साखर दिली तेव्हा शुद्धीवर आले. तेव्हापासून मी सकाळ चुकवली नव्हती."

"मला का नाही सांगितलंस?"

"काकांनी शपथ घातली. म्हणाले, ती लेकराला घेऊन धावत सुटेल. वायर काढलीत त्या दिवशी सांगणारच होते मी, पण... मग मोबाइलवर विचारायला लागले, तर काका म्हणाले, राहू दे पोरी, शीतलला आवडत नाय."

शीतल स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकली. भीती वाटायला हवी होती. वाटतही होती. पण तिच्याही आधी दुसरंच काहीतरी चटकन टोचून गेलं: दिवाळीपासून. आपल्या बापाचं हे हिला दिवाळीपासून माहीत होतं. ओजस वरणाने माखलेला हात तिच्या ड्रेसला पुसत होता आणि ती त्याला पुसू देत होती.

"हॅलो? ताई?"

"ऋतिका, बाबांच्या घराची किल्ली आहे का गं तुझ्याकडे?"

पलीकडची जराशी चाचरली, जणू कबुलीच मागितली होती कुणी. "आहे... काकांनीच दिली होती. मी कधी..."

"असू दे," शीतल म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. "असू दे तुझ्याकडेच. मी निघते, पण मला पोचायला वेळ लागेल. तू जा ना गं. दार उघड आणि बघ, बाबा कसे आहेत."