पायाळूची खुर्ची

काटाघराच्या पायरीपाशी ट्रक ड्रायव्हर लटारूभाऊ ओरडला, "काऊन वो पुनमबाई, एक चप्पल कुठी सोडली? थे पाह्य, फाटकापाशी पडली हाय."

पुनमनं खाली पाहिलं. उजवा पाय उघडा. फाटकापासून एवढ्या गिट्टीवरून ती चालत आली आणि तिला पत्ताच नाही. टाचेत खडा रुतून रक्त आलं होतं. तेही दुखत नव्हतं. पाय जातो की काय माझा?

घुग्घुसच्या बाजूला एका कोळसा डेपोत ट्रक तोलायचा काटा आहे. तिथं पुनम कॉम्प्युटरवर बसते. बसते म्हणायचं फक्त. खुर्चीच्या दांडीतला गॅस मेलेला. बसलं की खुर्ची खाली जाते आणि गुडघे छातीशी येतात. एक चाक नाही, तिथं वीट. पाठ तारेनं बांधलेली. टेकलं तर माणूस मागे पडेल, म्हणून टेकायचंच नाही. कॉम्प्युटर समोर आणि ड्रायव्हरची खिडकी डाव्या खांद्यामागं. दर गाडीला कंबर पिळायची. लुगडंसुद्धा एकदा पिळून वाळत टाकतात. हिला दिवसभर पिळलं, दोन वर्षं.

दुखतं म्हणाली तर लोक हसले. कारण पुनम पायाळू, जन्मताना पाय आधी आलेली. कुणाच्या कंबरेत चमक भरली की तो पालथा पडून पायाळूचा पाय पाठीवर लावून घेतो. अख्खा डेपो तिच्याकडून लावून घ्यायचा. मग तिची कंबर कशी दुखेल? सासू म्हणाली, "आमी धानाच्या रोवण्यात वाकून वाकून मरतो, न तुले बसून दुखते!" सुपरवायझर खुशालभाऊ म्हणाला, "पायाळूच्या कंबरले का होते? नवीन खुर्चीसाठी नखरे नोको करू." तो स्वतः उंच पाठीच्या गादीच्या खुर्चीवर बसून हे बोलला. वाईट हे की पुनमलाही ते पटलं. पायाळूला काही होत नाही, हे ती लहानपणापासून ऐकत आलेली. पायाला मुंग्या यायच्या तेव्हा ती गप्प राहिली. आता मुंग्याही येत नव्हत्या.

ती आत आली आणि खुशालभाऊ कमरेत वाकून तिच्यासमोर उभा. इन्व्हर्टरची बॅटरी उचलायला गेला आणि चमक भरली होती.

"लवकर पाय लाव वो. मरून राह्यलो मी."

"भाऊ, आज नोको. माह्या पायाले काईच समजून नाई राह्यलं."

"उद्यापासून कामाले यायचं हाय का नाई? लाव म्हणतो न!"

त्यानं ताडपत्री अंथरली आणि पालथा पडला. खिडकीतून लटारूभाऊ पाहत होता. पुनमनं टेबल धरलं, पाय उचलला.

"ठेव ना."

"ठेवला ना भाऊ."

"कुठी ठेवला?"

पाय जमिनीवर होता, त्याच्या बरगडीच्या बाजूला. लटारूभाऊ खिदळला, "बाई लाजून राह्यली, साहेबाच्या अंगाले पाय लावाले!"

तिनं पाय हातानं धरून त्याच्या पाठीवर ठेवला. टेबल घट्ट धरायला मान वळवली आणि भार दिला. घोटा मुडपला. पाय कुठं घसरला, तिला कळलं नाही. खालून विचित्र घरघर ऐकू आली. बरं वाटत असेल, असं समजून तिनं आणखी दाबलं.

"मान!" लटारूभाऊ किंचाळला. "मान हाय थे! सोड!"

ती मागं पडली. खुशालभाऊ खोकत, गळा धरून उठला. "मारतं का मले?"

"मले समजलंच नाई, भाऊ." टेबलावरची टाचणी घेऊन तिनं ती पायाच्या अंगठ्यात खुपसली. अर्धी आत गेली. तिनं साधं 'आई गं'ही म्हटलं नाही. लटारूभाऊ खिडकी सोडून आत आला.

"माही गाडी रिकामी हाय, चंद्रपूरलेच चालली," तो हळू आवाजात म्हणाला. "चाल बाई, दवाखान्यात."

खुशालभाऊनं तिच्या खुर्चीकडं पाहिलं, मग दाराकडं. गळा चोळत म्हणाला, "डॉक्टरले खुर्चीचं नोको सांगजो. घरी पडली म्हणजो."

स्वतःची मान मोडता मोडता वाचली, तरी याला खुर्चीचीच पडली होती! पुनमला त्याची भीती वाटायची, नेहमीच. आता ती जागा पाय जाण्याच्या भीतीनं घेतली होती.

"सांगीन," ती म्हणाली. "बसून दाखवाले सांगितलं त बसूनबी दाखवीन."

लटारूभाऊनं तिला धरून ट्रकच्या केबिनमध्ये चढवलं. ती सीटवर बसली, दोन्ही हात मांडीवर घट्ट.

"पाय आत घे बाई, दार लावतो."

"घेतला ना भाऊ."

तो दार धरून तसाच उभा राहिला. तिनं वाकून पाहिलं. उजवा पाय बाहेर लोंबत होता. तिनं तो दोन्ही हातांनी उचलला आणि आत ठेवला.