टँकरचा खरा भोंगा

मित्रांनो, माझा आवाज ऐकलात तर तुम्हाला हसू येईल. खुशाल हसा. मी एक जुना पितळी भोंगा आहे, मागे रबरी फुगा असलेला. फुगा दाबला की 'पॅं' म्हणायचे आणि सोडला की हवा ओढून घ्यायची, एवढीच माझी विद्या. पण याच विद्येवर मी एका अजस्र टँकरचा आवाज झालो. ही थाप नव्हे.

एका कारागिराने पितळेचा पत्रा वळवून माझे तोंड घडवले आणि घशात पातळ पट्टी बसवली. पहिली काही वर्षे मी पाववाल्याच्या सायकलवर काढली. ती मोडीत निघाली तेव्हा मी एका गॅरेजात आलो. तिथल्या मेकॅनिकला सगळे 'उस्ताद' म्हणत. गॅरेजाच्या अगदी समोर चित्रपटगृह होते. तिथेच माझे नशीब उघडले.

त्या वर्षी तिथे 'शेवटचा टँकर' लागला. समुद्र आटले आहेत, शहरे ओस पडली आहेत आणि एक चालक पाण्याने भरलेला टँकर लुटारूंच्या तावडीतून पळवतो आहे, अशी ती गोष्ट. शेवटी टँकर दरीत कोसळतो. धुळीचे लोट उठतात. चालक गेला असे वाटते न वाटते तोच धुळीतून भोंगा वाजतो. पण आमच्या वाट्याला आलेली फिल्म इतकी झिजलेली की नेमका तिथेच आवाज गायब. चालक जिवंत आहे हे कोणाला कळेचना. पहिला खेळ सुटला तसे चित्रपटगृहाचे ऑपरेटर धावत गॅरेजात आले.

"उस्ताद, एखादा भोंगा असेल तर द्या हो. नाहीतर पुढच्या खेळाला पब्लिक मला सोलून काढेल."

"देतो कशाला? मीच येतो," उस्ताद म्हणाले.

बाल्कनीच्या शेवटच्या रांगेत ते मला घेऊन उभे राहिले. धूळ उठली आणि मी जिवाच्या आकांताने ओरडलो. केवढ्या टाळ्या पडल्या! त्या दिवसापासून एकही खेळ माझ्याशिवाय झाला नाही. पुढे दुसरा आणि तिसरा भाग आला. त्यांच्या फिल्म कोऱ्या करकरीत होत्या, टँकरचा मूळ भोंगा चांगला ऐकू येत होता. पण लोकांनी तक्रार केली, की कोणीतरी टँकरचा भोंगा बदलला. मग ऑपरेटर तेवढ्यापुरता आवाज बंद करू लागले. एवढा मोठा टँकर सायकलच्या भोंग्याने बोलतो, यात आमच्या गावात कोणालाच काही वावगे वाटत नव्हते.

मग ती मालिका थांबली आणि मी माळ्यावर गेलो. गंजलेल्या नटबोल्टांच्या डब्यात तीस वर्षे पडून राहिलो. माझे रबर कडक होऊन चिरले. घशात धूळ बसली. खाली उस्तादही थकले होते. गुडघे दुखतात म्हणून गॅरेज लेकीच्या हाती सोपवून ते खिडकीपाशी बसून असत. काही विचारले की म्हणत, "तुमचं तुम्ही बघा." ते ऐकून मला फार वाईट वाटे.

आणि एके दिवशी चौथा भाग येणार अशी बातमी आली. गावात नुसता कल्लोळ उडाला. लेकीने मला खाली काढले, राखेने घासले, घशातली पट्टी साफ केली आणि फुग्याच्या चिरेवर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला.

"राहू दे गं. आता तिथं आपल्याला कोण विचारतंय?" उस्ताद म्हणाले. पण त्यांची नजर माझ्यावरच होती.

पहिल्या दिवशी सकाळच्या खेळाला चित्रपटातल्या पात्रांसारखा वेश करून आलेल्यांची ही रांग लागली. कोणाचे जुने जाकीट पोटावर लागत नव्हते, तर कोणी आपल्या नातीला वेल्डिंगचा चष्मा चढवला होता. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई चक्क पत्र्याचे चिलखत घालून आल्या होत्या.

"नवा चालक दाढी करून गुळगुळीत दिसतोय," त्या पोस्टरकडे पाहून कुरकुरल्या. "जगात प्यायला पाणी नाही आणि याला दाढीला कुठून मिळालं?"

"कोरडीच केली असेल, बाई," मागून कोणीतरी समजूत घातली.

लेकीने उस्तादांना हात धरून बाल्कनीत नेले. मी त्यांच्या पिशवीत होतो. चित्रपट झकास होता. लोक खुर्चीच्या काठावर येऊन बसले होते. शेवटी टँकर जमिनीच्या भेगेत गेला, धूळ उठली. उस्तादांनी मला वर धरले.

तेवढ्यात भिंतींतून असा काही भोंगा गरजला की खुर्च्या हादरल्या. आता चित्रपट संगणकावर चालतो, आवाज बंद करायला ऑपरेटर जागेवर नव्हते. उस्तादांचा हात हळूच खाली आला. मित्रांनो, त्या क्षणी मला पुन्हा डब्यात जावेसे वाटले.

पण टाळी एकही पडली नाही. मग चिलखतवाल्या बाई पहिल्या रांगेतून म्हणाल्या, "हा कोणाचा टँकर? आपला नव्हे हा."

प्रेक्षकांत बसलेले म्हातारे ऑपरेटर उठले आणि मागे वळले. "उस्ताद, वाट कसली बघताय?"

"झालं की वाजून," उस्ताद पुटपुटले.

"तो त्यांचा वाजला, बाबा," लेक म्हणाली. "आपला राहिलाय."

उस्तादांनी फुगा दाबला. ठिगळ टिकले. पॅं-पॅं!

आणि काय सांगू! पडद्यावर धुळीतून बाहेर आलेला तो नवा चालक थबकला आणि मागे वळून थेट बाल्कनीकडे पाहू लागला. तो का वळला हे चित्रपट बनवणाऱ्यांना ठाऊक असेल. आमच्या गावात विचाराल तर त्याला उस्तादांनी हाक मारली. सगळे चित्रपटगृह उभे राहिले. वेल्डिंगच्या चष्म्यातली नात आजोबांच्या खांद्यावर नाचत होती. उस्ताद हसत होते आणि रडतही होते.

घरी येताच त्यांनी मला टेबलावर ठेवले आणि चष्मा लावून माझा फुगा तपासला.

"ठिगळ काही खरं नाही, नवं रबर घालायला हवं," ते लेकीला म्हणाले. "उद्या तीन खेळ आहेत."

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर माझ्यासारखे कोणीतरी पडलेले असेल. त्याला खाली काढा, पुसा. पण पुसून कपाटात ठेवू नका. ज्याचे आहे, त्याच्या हातात द्या.