आठवी माळ

नवरात्राची सहावी माळ. सकाळी योगिनी निकिताच्या डब्यासाठी थालीपीठ थापत होती, तेव्हा सासूबाई, साळूबाई, ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. सायखेड्यात गोदाकाठच्या देवीला आठवी माळ याच घरातल्या लेकीनं घालायची, असा पिढ्यांचा मान. यंदा तो बारा वर्षांच्या निकिताचा. पण तिची पाळी तीन महिन्यांपूर्वी सुरू झाली होती आणि पुढची तारीख नेमकी अष्टमीला येत होती.

"पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या हायेत ना तुझ्याकडं? दे पोरीला."

योगिनीचा हात थबकला. नाशकात बी.एस्सी. झालेली ती, पण लग्नापासून दर गौरीला, दर नवरात्राला त्या गोळ्या मुकाट गिळत आली होती. डॉक्टर नाही, चिठ्ठी नाही. लेकीसाठी मात्र तिनं पहिल्यांदाच मान वर केली.

"नाही आत्याबाई. बारा वर्षांची आहे ती. आली तर येऊ दे."

"मग बसव बाजूला. मान जाईल चुलतघरी. तिथल्या बाया टपूनच बसल्यात. म्हणतील, शिकलेली सून आणली अन् घरची देवी गेली."

निकिता दप्तर भरता भरता ऐकत होती. नवऱ्याला, शेखरला, सांगितलं, तर बायकांच्या गोष्टीत मला ओढू नका म्हणत तो द्राक्षाच्या छाटणीला निघून गेला.

अष्टमी उजाडली. पाळी आली नाही. साळूबाईंनी नातीची दृष्ट काढली, योगिनीचाही जीव भांड्यात पडला. पण परकर-पोलकं घालताना पोरगी पोट धरून वाकली आणि मोरीत जाऊन ओकली. योगिनीनं कपाटातल्या साड्यांखाली हात घातला. गोळ्यांचं पाकीट जवळजवळ रिकामं.

"कधीपासून घेतेस?"

"आजी बोलली त्याच दिवसापासून. तुझ्यासारख्याच, सकाळ-संध्याकाळ." निकिता हळूच म्हणाली, "रागवू नको ना. दोन ठेवल्यात तुझ्यासाठी."

बाहेर संबळ वाजू लागला. पोरीला बरं नाही, नेऊ नका, असं योगिनी म्हणेपर्यंत साळूबाईंनी नातीचा हात धरलाही होता. उपासाचं पित्त हाय म्हणाल्या. आणि निकिताच पुढं धावली.

देवळात माळ घालताना तिचे हात थरथरत होते. देवीच संचारली, म्हणत बायकांनी हात जोडले. ओटीचं ताट घेतलेल्या योगिनीला ओरडावंसं वाटलं. पण सांगायचं कुणाला? रांगेतल्या किती जणींच्या साड्यांखाली तेच पाकीट असेल. इतकी वर्षं हा उंबरा ती स्वतः कशाच्या बळावर ओलांडत आली होती?

"बाई, पुढं सरका," गुरव म्हणाला, "मागं लेकी खोळंबल्यात."

योगिनी पुढं सरकली.