आनंदीबाईंची पायरी

"काय गो विमल, नारळ तुझा, खोबरं तुझं, सोलकढी तुझी. माझ्या दारात रोज नुसता आवाज," आनंदीबाई म्हणाल्या आणि कोयता पुढे केला.

आई हसली. तिने एकदा आमच्या घराकडे वळून पाहिलं, कोयत्याच्या पाठीने नारळ फोडला, पाणी आनंदीबाईंच्या भांड्यात ओतलं आणि दोन्ही भकलं घेऊन कुंपणातून परत आली. शेजारी जाऊन नारळ फोडणारं घर रत्नागिरीत आमचं एकच असावं.

कारण होते आबा. माझे वडील महिपत एसटीचे ड्रायव्हर. त्र्याऐंशीच्या पावसाळ्यात घाटात दरड कोसळली आणि एक दगड त्यांच्या गाडीवर आला. उतारू वाचले, पुढे उभा असलेला कंडक्टर सदू गेला. आबांना खरचटलंही नाही. पण त्यानंतर घरात नारळ फुटला, की तो दगड आदळल्याचाच आवाज वाटून ते डोकं दोन्ही हातांत धरून भिंतीशी बसत, घामाने भिजत. ताट तसंच राही. म्हणून आईने नारळच घराबाहेर काढला.

आता आबा गेले. भेटायला येणारी माणसं घाटातल्या त्या दिवसाचीच गोष्ट काढतात. मी ऐकून घेते. मला मात्र त्याच्या पुढचं वर्ष सांगायचं असतं.

मनाच्या डॉक्टरचं नाव काढलं की आबा चिडत. "मी येडा झालो काय गो?" शेवटी आईने गावी जाऊन देवीला कौल लावला. केरू गुरवाने गाऱ्हाणं घातलं आणि उजवं, होकाराचं फूल पटकन पडलं.

"देवीच सांगत्येय, दवाखान्यात जा," आई म्हणाली. "आता तिला पण येडी म्हणा."

देवीपुढे आबांचं काही चाललं नाही.

डॉक्टर तरुण होत्या. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकलं. सदूचं नाव आबांनी त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं.

"काका, हे वेड नाही आणि भित्रेपणाही नाही," त्या म्हणाल्या. "भयंकर काही पाहिलं की मनाला असं होतं. लढाईवरून आलेल्या जवानांनाही होतं. ते बरं करता येतं." मग त्यांनी विचारलं, "घरी नारळ कोण फोडतं?"

आई जमिनीकडे पाहू लागली. मीच सांगितलं, "शेजारी फोडतो. आनंदीबाईंच्या पायरीवर."

डॉक्टरांना हसू आवरेना. थोड्या वेळाने आबाही हसले. कितीतरी महिन्यांनी.

"तुम्ही मायेने केलंत, पण अशाने भीती घरातच मुरते," त्या म्हणाल्या. "नारळ परत आणा. हळूहळू. आधी लांबून."

मग आबा दर आठवड्याला दवाखान्यात जाऊन घाटातलं सगळं पहिल्यापासून सांगू लागले, आणि घरी आई नारळ फोडू लागली. आधी विहिरीजवळ, आबा फाटकाशी उभे. मग मागच्या पडवीत. कधी ते फाटकातून थेट रस्त्यावर जात, तासाभराने परत येत आणि म्हणत, "हां, आता दुसरा." इतकं खोबरं झालं, की नारळीभात, वड्या, कढी खाऊन आम्ही कंटाळलो. वड्या आनंदीबाईंकडेही जाऊ लागल्या.

"आमची पायरी बाटली काय गो?" त्यांनी विचारलं. पण खाल्ल्या सगळ्या.

पुढच्या नारळीपौर्णिमेला आबा स्वतःहून मांडवीला निघाले. बंदरावर नारळ लढवणं चाललं होतं. एकाने नारळ धरायचा, दुसऱ्याने आपल्या नारळाने त्यावर हाणायचं, फुटेल तो जिंकणाऱ्याचा. सगळीकडे टाक टाक आवाज.

"इथूनच बघूया," आई म्हणाली. आबा गर्दीत शिरले. समोर डेपोतला मेकॅनिक विठू.

"महिपतदादा, धरताय का मारताय?"

"धरतो. तू मार."

"बघा हां. मागनं बोलाल, विठूने फसवलान."

विठूने हाणला. आबांचा नारळ फुटला, पाणी कोपरापर्यंत ओघळलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. आई पुढे धावणार, तोच मी तिचा दंड धरला. आबांनी सावकाश श्वास सोडला. भोवतालच्या माणसांकडे एकेक करून पाहिलं. मग फुटका नारळ विठूच्या हातात दिला.

"नारळच पुचाट होता मेल्या," ते म्हणाले. लोक हसले. आबांनी आईकडे वळून हात पुढे केला. "दुसरा दे गो."

आईने पिशवीतून नारळ काढून दिला. आबांनी तो दोन्ही हातांत घट्ट धरला आणि विठूसमोर केला.